इम्प्लांटवरची कॅप तिसऱ्यांदा सैल झाली: पुन्हा स्क्रू कसण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईचं वय ६३. उजवीकडच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या जागी तीन वर्षांपूर्वी इम्प्लांट बसवलं. दोन वर्षं काही त्रास नव्हता. गेल्या दिवाळीत कॅप हलायला लागली. डॉक्टरांनी कॅपला वरून भोक पाडून आतला स्क्रू कसून दिला. दोन-अडीच महिन्यांत पुन्हा हलली, पुन्हा कसला. आता तिसऱ्यांदा तेच. दुखत नाही, पण चावताना टक असा आवाज येतो आणि तोंडाला घाण चव येते. इम्प्लांट फेल झालं का? कॅप सिमेंटने कायमची चिकटवून टाकता येणार नाही का? आईला जेवणानंतर सुपारी लागते आणि ती झोपेत दात खाते.

ताई, तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून इम्प्लांट गेलेलं दिसत नाही. एक्स-रे आणि तपासणीशिवाय हे कुणीच छातीठोकपणे सांगू नये, पण न दुखता हलणारी कॅप, टक आवाज आणि घाण चव हे तिन्ही एकत्र आले की बहुतेक वेळा स्क्रूच सैल झालेला असतो.

आपण सरसकट ज्याला इम्प्लांट म्हणतो त्याचे तीन भाग असतात. हाडात रुजलेला टायटॅनियमचा खुंट, हे खरं इम्प्लांट. त्याच्यावर हिरडीतून वर येणारा जोडखांब, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि त्यावर दाढेच्या आकाराची कॅप. अबटमेंटला खुंटाशी धरून ठेवतो तो जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा एक स्क्रू. कॅप अबटमेंटवर सिमेंटने चिकटवलेली असते, किंवा दोन्ही मिळून एकच तुकडा असतो. त्यामुळे "कॅप हलते" या एका तक्रारीमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: सिमेंट सुटलंय, स्क्रू सैल झालाय, किंवा खुंटच हाडातून सुटलाय. खुंट सुटला असेल तर दाबल्यावर दुखू शकतं, एक्स-रेत त्याच्याभोवती काळी रेघ दिसते आणि स्क्रू फिरवायला गेलं की खुंटही सोबत फिरू पाहतो. आईचा स्क्रू दोनदा कसला गेला आणि प्रत्येक वेळी काही आठवडे टिकला, म्हणजे खाली धरून ठेवणारं काहीतरी पक्कं आहे. घाण चव येते ती फटीमुळे. चावताना कॅप वर-खाली होते, लाळ आत ओढली जाते, तिथे कुजते आणि पुन्हा बाहेर येते.

आता दोन वर्षं गुण्यागोविंदाने चाललेला स्क्रू अचानक का सुटला आणि पुन्हा पुन्हा का सुटतोय, ते पाहू. यासाठी स्क्रू कशाने धरतो हे समजायला हवं. पुष्कळांना वाटतं की आटे एकमेकांत अडकले की झालं. तसं नसतं. स्क्रू कसताना तो केसाच्या अंशाइतका लांबतो, स्प्रिंगसारखा ताणला जातो. ताणलेला स्क्रू मूळ लांबीला परत यायला बघतो आणि त्या ओढीने अबटमेंट आणि खुंट एकमेकांवर दाबले जातात. सगळी पकड या ताणाची आहे. तबल्याचं उदाहरण घ्या. पुडी धरून असते ती वादीच्या ताणाने. वादी जागेवर असूनही ताण उतरला तर तबला वाजत नाही. स्क्रूही जागेवर दिसतो, पण ताण गेला की त्याचा उपयोग संपतो.

हा ताण ठरावीक असावा लागतो, म्हणून टॉर्क रेंच नावाचा मोजमाप असलेला पाना वापरतात. कंपनीप्रमाणे आणि जोडाप्रमाणे आकडा बदलतो, साधारण १५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर. ३५ म्हणजे एक सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला साडेतीन किलो वजन टांगल्यावर बसेल तेवढा पीळ, म्हणजेच टॉर्क. नुसत्या बोटांनी कसून १०-१५ मिळतात, दणकट बोटांना २० च्या आसपास. त्यातही लावलेल्या पिळापैकी ढोबळमानाने १० टक्केच ताणाच्या रूपाने उरतो. बाकीचा स्क्रूच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. म्हणजे ३५ लागणाऱ्या जोडात बोटांनी "घट्ट वाटेपर्यंत" कसलेला स्क्रू बहुतेक वेळा मुळात अर्ध्याहून कमी ताणावर काम सुरू करतो.

शिवाय कसल्यानंतर काही मिनिटांतच या ताणातला २ ते १० टक्के भाग गळतो. धातूचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर डोंगर-दऱ्या असतात. दाबाखाली ती शिखरं चपटी होतात आणि तेवढी ढील येते. नवी पुडी चढवलेला तबला एकदा सुरात लावून कुणी लगेच बैठकीला नेत नाही. ताण बसतो, सूर उतरतो, पुन्हा हातोडी घ्यावी लागते. स्क्रूचंही तेच: पूर्ण टॉर्क द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तोच टॉर्क द्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण बाहेर पेशंट ताटकळत असले की हीच पायरी सर्रास गळते.

स्क्रू सुटतो तोही दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात रोजच्या चावण्याने ताण हळूहळू उतरत जातो. बाहेरून काही कळत नाही, कॅप स्थिर असते. हा टप्पा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतो. मग एक हद्द येते. चावण्याचा जोर स्क्रूच्या पकडीपेक्षा वरचढ होतो, जोड उघडझाप करू लागतो आणि प्रत्येक घासागणिक स्क्रू आपोआप उलटा फिरतो. हा दुसरा टप्पा फार लवकर सरतो. दोन वर्षं शांतता आणि मग एकाच आठवड्यात डुगडुग, असं म्हणूनच होतं. दिवाळीच्या चकलीने किंवा चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापाने तो तोल त्या दिवशी ढळला असेल, पण ताण त्याच्या कितीतरी आधीपासून उतरत होता.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. जो स्क्रू एकदा सैल झाला आणि त्या अवस्थेत आईने काही दिवस जेवण केलं, त्या स्क्रूने दुसऱ्या टप्प्यात शेकडो वेळा वाकणं सोसलेलं असतं. त्याचे आटे घासलेले असतात, डोक्याखालचा भाग चकाकून गेलेला असतो, धातू थकलेला असतो. तोच स्क्रू पुन्हा कसला तर पाना बरोबर आकडा दाखवेल, पण आत ताण तेवढा येणार नाही. म्हणून दुसऱ्या वेळी तो दोन वर्षांऐवजी दोन महिन्यांतच सुटला. तिसऱ्यांदा तोच कसला तर सुटण्याऐवजी मोडण्याची शक्यता जास्त.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षकांचा खालच्या दाढेचा स्क्रू मी असाच तीनदा कसून दिला. प्रत्येक वेळी "आता नीट बसलाय" असं मनापासून वाटायचं. चौथ्यांदा ते आले तेव्हा कॅप हातात होती आणि स्क्रूचा अर्धा तुकडा खुंटाच्या आत. टोकदार प्रोबने (बारीक सळईने) आणि दात साफ करायच्या अल्ट्रासॉनिक स्केलरच्या थरथरीने तो तुकडा उलटा फिरवत बाहेर काढायला मला दोन तास लागले, आणि आतल्या आट्यांना ओरखडा गेला असता तर हाडात उत्तम रुजलेलं इम्प्लांट निकामी झालं असतं. काही शे रुपयांचा नवा स्क्रू मी पहिल्याच वेळी मागवायला हवा होता. त्या दिवसापासून सैल झालेला स्क्रू मी परत वापरत नाही. अपवाद एकच: नवीन येईपर्यंत तात्पुरता.

दुसऱ्यांदा सुटण्याचं आणखी एक कारण फार वेळा नजरेतून सुटतं. कॅप सैल होऊन काही दिवस गेले की हिरडी सुजते आणि जोडाच्या फटीत शिरते. तशात स्क्रू कसला तर धातूवर धातू बसण्याऐवजी मध्ये मांस चेपलं जातं. पाना आकडा दाखवतो, पेशंटला हिरडी दाबल्यासारखी वाटते. दोन दिवसांत ते मांस विरतं आणि तेवढी ढील तयार होते. त्यासाठी कॅप-अबटमेंट पूर्ण बाहेर काढून आतली जागा धुवायची, गरज असेल तर बधिर करून हिरडी बाजूला करायची, परत बसवून एक्स-रे काढायचा आणि फट नाही हे दिसल्यावरच शेवटचा टॉर्क द्यायचा. एक्स-रेचा किरण जोडाच्या रेषेत सरळ हवा, थोडा तिरका गेला तरी फट झाकली जाते. आईच्या वेळी कॅप पूर्ण बाहेर काढली होती की वरच्या भोकातून नुसता स्क्रू फिरवला होता, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मग मूळ कारण? खालची पहिली दाढ पुढून मागे साधारण ११ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या खालचं इम्प्लांट ४ ते ५ मिलिमीटरचं. नैसर्गिक दाढेला दोन फाकलेली मुळं असतात, इथे मधोमध एकच खांब. म्हणजे एका खुंटीवर मोठा पाट ठेवल्यासारखं, पाटाच्या कडेवर दाब आला की खुंटी कलायला बघते. एकेकट्या दाढेचे स्क्रू इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त सैल होतात ते यामुळे. कॅप गरजेपेक्षा रुंद असेल, तिचे उंचवटे टोकदार असतील, किंवा वरच्या दाढेचा ठोका मधोमध न बसता कडेवर बसत असेल, तर स्क्रू कितीही चांगला असला तरी हरतो. आणखी एक गोष्ट अशी की नैसर्गिक दात हाडात एका लवचीक पडद्यावर बसलेला असतो. उभ्या दाबाखाली तो २५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली जातो, इम्प्लांट फक्त ३ ते ५. त्यामुळे हलक्या चाव्याला सगळे दात सारखे टेकत असतील तर जोराच्या चाव्याला बाकीचे दात दबतात आणि इम्प्लांट एकटं भार घेतं. म्हणून इम्प्लांटच्या कॅपला हलक्या चाव्यात किंचित कमी टेकवायचं असतं. ती तीन वर्षांपूर्वी बरोबर होती म्हणून आज बरोबर असेल असंही नाही. बाकीचे दात झिजतात, सरकतात, इम्प्लांट मात्र जिथल्या तिथे राहतं.

जोडाची घडण हाही मोठा विषय आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला टायटॅनियमची इम्प्लांट्स बसवली, तेव्हा ती दात नसलेल्या अख्ख्या जबड्यासाठी होती. अनेक खुंट एकाच पट्टीने बांधलेले असत. खुंटाच्या माथ्यावर जेमतेम ०.७ मिलिमीटर उंचीचा षटकोन होता. तो खुंट हाडात फिरवून बसवण्यासाठी होता, कॅपला फिरू न देण्याचं काम त्याच्याकडे दिलेलंच नव्हतं. पुढे तीच रचना एकेकट्या दातासाठी वापरली जाऊ लागली आणि स्क्रू सैल होण्याच्या तक्रारी वाढल्या. त्यावर उपाय म्हणून जोड खुंटाच्या आत गेला, आणि मग शंकूसारखा निमुळता झाला. त्यात अबटमेंट पाचरीसारखं रुतून बसतं आणि आडवा जोर स्क्रूऐवजी शंकूच्या भिंती घेतात. आईचं इम्प्लांट बाहेरच्या षटकोनाचं आहे की आतल्या शंकूचं, यावरून पुढचा अंदाज बराच बदलतो.

आणि अबटमेंट खुंटाच्याच कंपनीचं आहे का? आपल्याकडे "याच्यावर बसतं" म्हणून दुसऱ्या कंपनीचे किंवा लॅबमध्ये ओतलेले भाग वापरण्याची पद्धत आहे, खर्च वाचतो म्हणून. काही सुटे भाग चांगले असतात. पण मायक्रॉनच्या हिशोबात थोडीशी मोकळीक राहिली की अबटमेंट प्रत्येक घासाला किंचित वळतं आणि स्क्रूचा ताण झिजतो. तीनदा सुटलेल्या केसमध्ये मी हा प्रश्न विचारतोच, आणि मूळ कंपनीचं अबटमेंट घालून कॅप नव्याने करणं हाच कधीकधी एकमेव उपाय असतो.

आता सुपारी. तुम्ही ती शेवटी लिहिलीत, पण इथे ती मुख्य आहे. सुपारीचं खांड दाढेखाली फोडताना जो जोर एका बिंदूवर येतो तसा भाकरी, भात, अगदी मटणाने येत नाही. आणि ते दिवसातून दोन-तीन वेळा, बहुतेक एकाच बाजूने. ती बाजू उजवी आहे का, हे आईला विचारून पाहा. दुसरं जास्त गंभीर आहे. बरीच वर्षं सुपारी खाल्ल्याने गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड कमी उघडू लागतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो. तिखट सहन न होणं, तोंडात जळजळ, तीन बोटं उभी धरून तोंडात न जाणं, यातलं काही असेल तर इम्प्लांट बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी करून घ्या. स्क्रूशीही याचा थेट संबंध आहे. खालच्या मागच्या दाढेत स्क्रूड्रायव्हर आणि त्यावर टॉर्क रेंच उभा बसवायला जागा लागते. तोंड पुरेसं उघडत नसेल तर पाना तिरका लागतो, टोक घसरतं आणि डॉक्टर नाइलाजाने बोटांनीच कसतात. अशा पेशंटसाठी छोट्या लांबीचा ड्रायव्हर मिळतो. तो मागवून ठेवावा लागतो, इतकंच.

झोपेत दात खाण्याचंही तसंच. जागेपणी आपण जेवताना इतका जोर लावत नाही, आणि झोपेतला तो जोर उभा नसून आडवा घासणारा असतो, स्क्रूला सर्वांत न सोसणारा. यावर रात्री दातांवर चढवायचा कडक अ‍ॅक्रिलिकचा नाइट गार्ड हवा. मऊ रबरी नको, काही जण तो जास्तच चावतात. स्क्रू बदलून गार्ड न देणं म्हणजे काम अर्धवट सोडणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिमेंटबद्दल. नाही, सिमेंटने हे बंद होणार नाही. सिमेंट कॅप आणि अबटमेंटमध्ये असतं, सैल झालेला जोड त्याच्या खाली आहे. उलट हिरडीखाली उरलेलं सिमेंट निघालं नाही तर इम्प्लांटभोवतीचं हाड खाल्लं जातं. स्क्रूच्या आट्यांना गोंद लावावा का, असंही काही जण विचारतात. अजिबात नाही. तो स्क्रू उद्या काढावा लागणार आहे. डॉक्टरांनी कॅपला वरून भोक पाडलं ते योग्यच केलं. ते भोक टेफ्लॉनची पट्टी भरून वर कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, बंद करतात, म्हणजे पुढच्या वेळी थेट स्क्रूपर्यंत जाता येतं. खरं तर दाढेची कॅप पहिल्यापासूनच वरून स्क्रू काढता येईल अशी करावी, या मताचा मी आहे.

तर पुढच्या भेटीत डॉक्टरांशी शांतपणे बोला. तुमच्या पत्रात त्यांच्यावर राग दिसतो, आणि तीन खेपा झाल्यावर तो स्वाभाविक आहे. पण स्क्रू सैल होणं हा हलगर्जीपणाचा पुरावा नसतो, सगळं नीट केलेल्या केसमध्येही होतं. मागणं एवढंच ठेवा: कॅप पूर्ण बाहेर काढून खुंट हलत नाही ना ते तपासावं, मूळ कंपनीचा नवा स्क्रू घालावा, सरळ एक्स-रे काढावा, रेंचने टॉर्क देऊन दहा मिनिटांनी पुन्हा द्यावा, चावा तपासून उंचवटे कमी करावेत आणि नाइट गार्डचं माप घ्यावं. हे सगळं करूनही वर्षाच्या आत पुन्हा सुटला तर मग अबटमेंट आणि कॅप बदलण्याचा विषय काढा, आणि नवी कॅप अरुंद करा. एखाद्या प्रोस्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे कृत्रिम दातांच्या तज्ज्ञाचं, दुसरं मत घ्यायलाही हरकत नाही.

आणि इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, बऱ्याच जणांच्या ड्रायव्हरचं टोकही वेगळं. मुलीकडे अमेरिकेत किंवा मुलाकडे पुण्यात गेलेल्या आजी हलणारी कॅप घेऊन नव्या डॉक्टरांकडे येतात, आणि नुसत्या एक्स-रेवरून कंपनी ओळखण्यातच दोन आठवडे जातात. कार्डाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा.

भेट होईपर्यंत आईला डाव्या बाजूने जेवायला सांगा आणि सुपारी पूर्ण बंद. कॅप जिभेने किंवा बोटाने हलवून पाहायची नाही. हिरडीभोवती मऊ ब्रश फिरवत राहायचं, दुखलं नाही तरी. कॅप निघून हातात आली तर घरी परत बसवायचा प्रयत्न करू नका, झोपताना तर मुळीच नाही, घशात जाऊ शकते. ती धुऊन, आत स्क्रू अडकला असेल तर तसाच ठेवून, छोट्या डबीत घाला आणि घेऊन जा. त्या स्क्रूचे आटे आणि डोकं भिंगाखाली पाहिलं की तो कुठे झिजला हे डॉक्टरांना दिसतं.